पलीकडच्या वाऱ्याचे घरटे

मुलांनो, डोंगराच्या पायथ्याशी बाभळीच्या रानात एक मुनिया राहत असे. अंडी घालायचे दिवस जवळ आले होते आणि घरटे मिळेपर्यंत तिच्या जिवाला चैन नव्हते. त्या रानात घरटी मिळत ती खारीकडे. ती सुगरणींकडून घरटी विणून घेई, स्वतः फांदीला बांधून देई आणि पिल्ले उडून जाईपर्यंत मधूनमधून येऊन गाठी तपासून जाई. वीण सुटलीच, तर घायपाताच्या दोऱ्याने सांधून देई.

त्या वर्षी एक कावळा डोंगरापलीकडून घरटी आणू लागला. तीही सुगरणींनीच विणलेली, अगदी अस्सल, आणि मिळत निम्म्या दाण्यांत. मुनियाने खारीला विचारले, तेव्हा ती म्हणाली, "घरटे खोटे नाही. पण ते पलीकडच्या वाऱ्यासाठी विणले आहे. आपला वारा थेट त्याच्या तोंडात शिरेल." मुनियाला वाटले, गिऱ्हाईक जाते म्हणून ही असे बोलते. तिने कावळ्याचेच घरटे घेतले आणि स्वतःच फांदीला बांधले. तिचे पाहून बाकीच्या पाखरांनीही तेच केले. खार दिवसभर फांदीवर येरझारा घाली, पण कोणी फिरकेना. शेवटी तिने दोरा वळणेही सोडून दिले.

मुनियाने तीन अंडी घातली, पण तिला घटकाभर स्वस्थ बसता येईना. वारा सुटला की घरटे गरगर फिरे. पाचव्या दिवशी फांदीवरची गाठ सैल झाली. ती कावळ्याकडे धावली. तो म्हणाला, "मी फक्त आणून देतो. बांधणे, सांधणे माझ्याकडे नाही." एवढे बोलून तो दुसऱ्या रानाकडे उडून गेला.

मग ती खारीकडे गेली, पण मान वर करून बोलायचे तिला धैर्य होईना. खारीने गरगरणारे घरटे दुरूनच पाहिले. दोऱ्याचा उरलेला एकच तुकडा तोंडात धरून ती धावत सुटली. तोवर एक अंडे खाली पडून फुटले होते. खारीने गाठ आवळली आणि दोन अंडी वाचली.

आजूबाजूच्या बाभळींवर तशीच घरटी हेलकावे खात होती. "त्यांचे काय होणार?" मुनियाने विचारले.

"दोरा संपला. नवा वळायला दिवस लागतील," खार म्हणाली आणि घायपात शोधायला निघाली. मुनिया अंड्यांवर बसली खरी, पण तिचे लक्ष वाऱ्याकडेच होते.

तात्पर्य : वस्तू अस्सल आणि स्वस्त आहे एवढेच पाहू नये, ती आपल्याकडे टिकेल का आणि बिघडली तर कोण धावून येईल, हे घेण्यापूर्वीच विचारावे.