मानाची उडी

“…आणि उडीचं काय केलंस?” अक्कांनी विचारलं.

मकरंद चौगुले याच प्रश्नाची वाट पाहत होता. सांगलीहून एसटीत बसल्यापासून तो मनातल्या मनात याचंच उत्तर घोळवत आला होता.

“ती ठेवली,” तो म्हणाला. “बाकी सगळं काढलं. तिला मात्र हात लावला नाही.”

अक्का गच्चीवर सांडगे घालत होत्या. डाळीच्या पिठात बुडालेला त्यांचा हात थांबला.

“का रे?”

“तुमची आहे म्हणून.”

अक्कांनी कापडावर आणखी एक सांडगा टाकला.

अक्का म्हणजे गोदावरी मिरजे. ‘तिफण’ त्यांनी घडवली. तिफण ही संगणकाला काम सांगायची मराठी भाषा. हे मोज, ते दाखव, असं साध्या शब्दांत लिहायचं आणि संगणकाने निमूटपणे करायचं. शाळांतली पोरं तिच्यावर शिकली. दूध संघांनी, वाचनालयांनी आपापली कामं तिच्यात बसवली. पुढे अक्कांचे गुडघे दुखायला लागले, तेव्हा त्यांनी तिफण मकरंदच्या हाती दिली आणि त्या कृष्णाकाठी आपल्या गावी येऊन राहिल्या.

मकरंद हुशार होता. अडचण एवढीच, की ते त्याला कुणी सांगावं लागत नसे.

आता तो तिफण नव्याने बांधत होता. इतक्या वर्षांत भाषेत अडगळ फार साचली होती. ‘दाखव’, ‘छाप’ आणि ‘लिही’ हे तिन्ही शब्द एकच काम करत. तीन वेगवेगळ्या माणसांनी ते तीन वेळा घातले होते आणि कुणाला दुखवायचं नाही म्हणून कुणीच काढले नव्हते. मकरंदने ‘दाखव’ ठेवला आणि बाकीचे दोन काढले. ज्यांचे शब्द गेले ते रुसले, त्याचं त्याला काही वाटलं नाही. उलट बरंच वाटलं.

आणि उडी राहिली.

उडीचं असं होतं. जुन्या तिफणमध्ये प्रत्येक ओळीला क्रमांक असे. ‘उडी ४०’ लिहिलं, की संगणक मधलं सगळं सोडून थेट चाळिसाव्या ओळीवर जाई. लिहिणाऱ्याला सोपं होतं. पण दुसऱ्याने लिहिलेलं वाचायला घेतलं, की माणूस वर-खाली, खाली-वर करून घामाघूम व्हायचा. शाळेतली पोरं तर रडकुंडीला यायची.

“जूनपासून नवी तिफण शाळांत जायची ना?” अक्कांनी विचारलं.

“हो. सगळी मंडळी माझ्या होकारासाठी थांबलीत. आज तुमचा आशीर्वाद घेतला, की उद्या कुलूप. मग बदल नाही.”

“मग नियम तरी ऐकव तुझे.”

मकरंदने तिथेच, सावलीच्या पट्ट्यात मांडी घातली, लॅपटॉप उघडला आणि घसा साफ केला. नव्या तिफणमध्ये तेच काम परत परत करायला ‘पुन्हा’ हा शब्द होता.

“पहिला नियम. ‘पुन्हा’च्या आत सुरू झालेलं काम ‘पुन्हा’च्या आतच संपतं.”

“वा!”

“…उडी नसेल तर.”

“बरं. पुढचा?”

“प्रत्येक कामाला एकच दार. आत जायचं ते तिथून, बाहेर यायचं तेही तिथूनच.” त्याचा आवाज किंचित उतरला. “…उडीला ही अट लागू नाही.”

“पुढचा.”

“ओळींना क्रमांक लागत नाहीत.” हा त्याने झटक्यात वाचला.

“पूर्ण वाच.”

“…उडी वापरायची असेल तर लागतात.”

अक्कांना हसू आवरेना. पिठाचा हात तसाच वर धरून त्या गदगदा हसत राहिल्या.

“अरे, हा शब्द आहे की रुसलेला जावई? प्रत्येक पंगतीत याचं पान वेगळं!”

“अक्का, मानाची आहे ती,” मकरंद दुखावून म्हणाला. “नियमांत मी तसंच लिहिलंय. ‘मानाची उडी’.”

हे ऐकून तर त्यांनी डोळ्यांना पदरच लावला.

मकरंद मात्र हसला नाही. तो खाली कापडाकडे बघत राहिला.

“तुमचं आता तेवढंच उरलंय तिफणमध्ये,” तो म्हणाला. “पहिल्या तिफणमधला एकच शब्द शिल्लक आहे, आणि तो हा. बाकी सगळं एकेक करून बदललं. ही गेली, तर तुमचं काहीच राहत नाही… आणि काढणारा मी. शिष्यानेच गुरूचं नाव पुसलं, असं व्हायला नको.”

त्याच्या पोटातलं खरं काय ते आता बाहेर आलं.

खाली नदीवर कुणीतरी धुणं आपटत होतं. तो आवाज वर येत राहिला.

“इकडे आण ते,” अक्का म्हणाल्या.

“काय?”

“लॅपटॉप.”

त्यांनी उजवा हात पदराला पुसला, पण नीट पुसला नाही. एका बोटाने, सावकाश, त्यांनी काही ओळी टाइप केल्या. क्रमांक घातले. शेवटी लिहिलं, ‘उडी २०’. कळांवर पीठ लागलं.

पडद्यावर दोनाचा पाढा उमटला.

“हा माझा पहिला प्रोग्रॅम,” त्या म्हणाल्या.

मकरंदचे हात आपोआप जोडले गेले.

“हात जोडू नकोस. हेच आता तुझ्या रीतीने लिही. उडीशिवाय.”

त्याला वेळ लागला नाही. एक ते दहा, पुन्हा, दोनाने गुणून दाखव. पडद्यावर तोच पाढा आला.

अक्का पुढे वाकल्या. ओठ हलवत, शब्द न् शब्द त्यांनी वाचला. मग परत पहिल्यापासून वाचला.

“एवढंच?”

“एवढंच.”

“यात क्रमांक कुठेत?”

“लागतच नाहीत.”

“आणि हे पाचवीतल्या पोराला वाचता येईल?”

“वाचलंय. घरी मुलाला दाखवलं होतं.”

अक्कांनी फाडकन टाळी वाजवली. पिठाचे शिंतोडे मकरंदच्या चष्म्यावर उडाले.

“लेका! हेच… अगदी हेच तर मला पाहिजे होतं!”

“कधी?”

“तेव्हाच की! पहिल्या दिवशी!”

“मग केलं का नाहीत?”

“सुचलं नाही.” हे त्यांनी इतक्या आनंदाने सांगितलं, की मकरंद बघतच राहिला. “मशीन एवढंसं. मी एकटी. दुसऱ्या दिवशी शाळेत नेऊन दाखवायचं कबूल केलेलं. डोकं खाजवून खाजवून दमले. शेवटी म्हटलं, जाऊ दे, मारू दे त्याला उडी.”

“म्हणजे उडी…”

“मला न सुचलेल्या गोष्टीचं नाव आहे ते. आणि तू त्याला हार घालून बसलायस.”

मकरंदने चष्मा काढला, सदऱ्याला पुसला आणि परत लावला. चष्मा काही स्वच्छ झाला नाही.

“काढ,” अक्का म्हणाल्या.

“तुम्ही काढा ना.”

“मी घातली. काढायची तू.”

त्याचं बोट कळेवर थांबलं… बराच वेळ थांबलं. अक्कांनी घाई केली नाही. त्या त्याच्याकडे बघतसुद्धा नव्हत्या.

मग त्याने ती काढली.

आता नियमांची शेपटंही काढायला हवी होती. ती त्याने एकेक करून छाटली आणि न सांगताच मोठ्याने वाचायला लागला. ‘पुन्हा’च्या आत सुरू झालेलं काम ‘पुन्हा’च्या आतच संपतं. प्रत्येक कामाला एकच दार. ओळींना क्रमांक लागत नाहीत. नियम कुठेही अडत नव्हते, कुणाची समजूत काढत नव्हते. वाचता वाचता तो स्वतःच हसायला लागला. इतकं हलकं वाटणं बरोबर नाही, असं त्याला एकदा वाटलं. तरी हसू काही थांबेना.

लॅपटॉप मिटून तो उठला आणि अक्कांच्या पाया पडायला वाकला.

अक्कांनी पाय मागे घेतले.

“थांब. तासगावचे कदम आठवतात?”

कदम कोण विसरेल! वाचनालयाचं सगळं काम त्यांनी तिफणमध्ये स्वतः बसवलं होतं, आणि चहा नि उडी यांच्यावाचून त्यांचं पान हलत नसे.

“त्यांचं जुनं काम बंद पडणार नाही,” मकरंद लगेच म्हणाला. “जुन्या तिफणवर ते चालत राहील. ती सोय केलीय.”

“शहाणा आहेस. पण कदम हौशी माणूस. नवी तिफण आली, की पहिल्याच दिवशी उघडून बसतील आणि सवयीने लिहितील, ‘उडी ४०’. तुझी तिफण त्यांना काय म्हणेल?”

मकरंद परत खाली बसला. त्याने ‘उडी ४०’ लिहिलं.

पडद्यावर आलं: ‘चूक. अनोळखी शब्द: उडी.’

अक्का पडद्याकडे बघत राहिल्या. मग त्यांनी मकरंदकडे पाहिलं.

“अनोळखी?… अरे, मघाशी तर हार घालत होतास!”

मकरंद कानापर्यंत लाल झाला. घाईघाईने त्याने नवीन मजकूर लिहिला. ‘सदर शब्द रद्द करण्यात आला आहे. संबंधितांनी नोंद घ्यावी.’

“कचेरी उघडलीस काय?”

त्याने तोही पुसला. या खेपेला जरा विचार करून लिहिलं. ‘उडी हा जुनाट आणि घातक प्रकार आहे. चांगले प्रोग्रॅमर तो वापरत नाहीत.’

“म्हणजे कदम वाईट.”

“तसं नाही, अक्का…”

“आणि मी?”

मकरंदने ती ओळही पुसली आणि रिकाम्या पडद्यासमोर बसून राहिला.

ऊन सावलीच्या पट्ट्यात शिरलं. अक्का सांडगे घालत राहिल्या. एक कावळा कठड्यावर येऊन कापडाकडे रोखून बघत होता. अक्कांनी त्याला हात उगारला, तसा तो वीतभर सरकला आणि परत बघायला लागला.

मकरंदच्या डोळ्यांसमोर कदम येत होते. चष्मा कपाळावर, कप हातात, आपल्या ओळी बोटाने मोजत बसलेले. तो माणूस चुकलेला नव्हता. त्याला कुठेतरी पोचायचं होतं आणि त्याला ठाऊक असलेला रस्ता आता उरला नव्हता.

“अक्का,” तो हळूच म्हणाला, “त्यांना जायचं कुठे असेल?”

अक्कांनी मान वर केली नाही. पण त्यांचा चेहरा उजळला.

“आता विचारलंस.”

मकरंद लिहायला लागला. मध्ये थांबला, खोडलं, परत लिहिलं. मग पडदा त्यांच्याकडे वळवला.

‘इथे पूर्वी उडी असायची. तिने पुष्कळांची पुष्कळ कामं केली. तुम्हांला तेच काम परत करायचं असेल, तर “पुन्हा” लिहा. मधलं सोडून पुढे जायचं असेल, तर “जर” लिहा. तुम्ही लिहिलेल्या ओळी नव्या रीतीने कशा होतील, ते खाली दाखवलं आहे. पटलं तर घ्या.’

अक्कांनी वाचलं. मग परत वाचलं. ‘पटलं तर घ्या’पाशी त्या थांबल्या आणि मान डोलवली.

“आता पड पाया.”

तो पडला. अक्कांनी त्याच्या डोक्यावर हात ठेवला. पिठाचाच हात होता, आणि या वेळी त्यांनी तो पुसलाही नव्हता. मकरंदने केसांना हात लावून पाहिला आणि दोघंही हसायला लागले. कावळ्याने ती संधी साधली. एक सांडगा गेला.

“नेऊ दे रे,” अक्का म्हणाल्या. “आज त्याचंही भाग्य उघडलंय.”

मकरंद जिन्यापाशी गेला. एक पायरी उतरला आणि थबकला.

“अक्का, एक राहिलंच.”

“बोल.”

“हा निरोपाचा मजकूर. हा किती वर्षं ठेवायचा? नाहीतर माझ्यानंतरचा कुणी यालाच मानाचा करून ठेवील.”

अक्का खुदकन हसल्या. शिष्यावर त्या इतक्या खूश क्वचितच झाल्या असतील.

“कधीतरी तोही काढावाच लागेल.”

“पण कधी? मला कळणार कसं?”

अक्कांनी शेवटचं पीठ बोटांनी निपटून घेतलं. उरलेल्या जागेत शेवटचा सांडगा टाकला.

“शाळेतली एखादी पोरगी तो वाचील,” त्या म्हणाल्या, “आणि शेजारच्या पोरीला विचारील, ‘कसली गं उडी?’… त्या दिवशी काढ. आणि सगळ्या शाळेला पेढे वाट.”