माशांची घडवंची

एका गावात केरबा नावाचा सुतार राहत होता. तो खोटं बोलला असं कुणी सांगितलं असतं, तर गावानं सांगणाऱ्यालाच वेड्यात काढलं असतं. देव्हारे करावेत ते केरबानंच! कमानीवरची नक्षी इतकी नाजूक की बघणारा हात जोडायला विसरून जायचा. फक्त एक होतं. देव्हाऱ्याच्या पाठीला तो ना धड रंधा मारायचा, ना पॉलिश. मनाशी म्हणायचा, "पाठ भिंतीला. तिकडं देवसुद्धा बघत नाही." आणि देव्हाऱ्यात बसणार कोण, तर वीतभर पितळी बाळकृष्ण. त्याच्या वजनानं काय बिघडणार होतं?

केरबाची बायको हौसाबाई. लेक सासरी गेल्यापासून तिला घर खायला उठायचं. लेकीनं ते ओळखलं आणि आईसाठी काचेची एक छोटी पेटी आणि सात रंगीत मासे धाडून दिले. झालं! हौसाबाईचा नूरच पालटला. सकाळी उठून आधी माशांशी गप्पा, मग चहा. त्यातल्या एका बुटक्या मासोळीला तर तिनं लेकीचंच लाडाचं नाव ठेवलं, चिमी.

पेटी जमिनीवर होती आणि शेजारचं मांजर दारातून हलत नव्हतं. हौसाबाई नवऱ्याला म्हणाली, "अहो, उभ्या जन्मात तुमच्याकडं काही मागितलं नाही. पाण्याच्या हंड्यांना असते तशी एक घडवंची माझ्या माशांना करून द्या."

केरबाला भरून आलं. त्यानं जपून ठेवलेल्या सागाच्या फळ्या काढल्या. चार दिवस खपला. समोर मोरांची जोडी कोरली, पॉलिश पेपरनं घासून लाकूड गुळगुळीत केलं, लाखेचं पॉलिश चढवलं. मागचे दोन पाय मात्र सैल बसले. खाचेत घुसणारी त्यांची टोकं हातून जरा जास्तच तासली गेली होती. पाय नवे करायचे तर आणखी दोन दिवस. कोण करतो! केरबानं खाचेत भुसा आणि सरस कोंबला, मागची बाजू नेहमीसारखी कोरीच ठेवली आणि घडवंची भिंतीला टेकवली.

हौसाबाई हरखून गेली. पदरानं मोर पुसत तिनं विचारलं, "हिच्यावर पाणी सांडणार हो. मागूनही पॉलिश मारलंय ना?"

केरबा जरासा थबकला. मग म्हणाला, "मारलंय की!"

एवढंसं खोटं. चिमटीत मावेल एवढं.

दर आठवड्याला हौसाबाई पेटीतलं पाणी बदलायची. ओघळ मागच्या बाजूनं उतरायचे आणि कोऱ्या लाकडात मुरायचे. लाकूड फुगलं, सरस सुटला. एका दुपारी केरबा जेवायला बसला होता. पहिला घास हातात घेतला, आणि धाडकन आवाज झाला! मागचा पाय निखळला आणि दोन कळशा पाण्यानं भरलेली पेटी फरशीवर आदळली. अरे देवा! घरभर पाणी, घरभर काचा आणि त्या काचांत तडफडणारे सात जीव.

हौसाबाई किंचाळली आणि तशीच अनवाणी धावली. एकेक मासा ओंजळीत घेऊन पातेल्यातल्या पाण्यात सोडू लागली. तळव्यात काच घुसली, रक्त वाहू लागलं, पण तिला कशाचंच भान नव्हतं. केरबाचा घास हातातच राहिला. चार मासे वाचले, तीन गेले. चिमीही गेली.

आता ही आपल्याला फाडून खाणार, म्हणून केरबा मान खाली घालून उभा राहिला. हौसाबाई रडत रडत त्याच्याकडं वळली.

"अहो, माझंच चुकलं. मीच पेटी काठोकाठ भरली असणार. तुमची चार दिवसांची मेहनत मातीत घातली मी. रागावू नका."

केरबाच्या पायाखालची जमीनच सरकली. पेटी फुटली तेव्हा तो इतका हादरला नव्हता. हिचे मासे गेले, हिचा पाय चिरला, आणि वर माफीही हीच मागतेय! तो गप्प राहिला असता तर कुणाला काही कळलं नसतं. गप्प राहावं असं त्याला वाटलंही. पण त्यानं निखळलेला पाय उचलला आणि तिच्या हातात दिला.

"बघ हात फिरवून. मागं मी पॉलिश मारलंच नव्हतं. मागचे पाय सैल होते, तेही ठाऊक होतं. तुझ्याशी खोटं बोललो. देव्हाऱ्यांच्या पाठीही अशाच कोऱ्या आहेत."

हौसाबाईनं हात फिरवला. तिचा चेहरा पांढराफटक पडला. मग म्हणाली, "एवढी वर्षं तुमचा देव्हारा न्यायला जो आला, त्याला मी सांगत आले की डोळे झाकून न्या, पाठ बघायचीसुद्धा गरज नाही. आता त्या माणसांना मी तोंड कसं दाखवू?"

केरबानं तिच्या पायातली काच काढली, जखम धुऊन पट्टी बांधली. मग जेवणाचं ताट तसंच सोडून, रंधा आणि पॉलिशचा डबा घेऊन तो बाहेर पडला आणि गावातल्या पहिल्या घराशी थांबला.

"तुमचा देव्हारा जरा पुढं ओढा. त्याची पाठ करायची राहिलीय."

घरधनी थक्क झाला. "अरे केरबा, आज बारा वर्षांनी?"

"हो. फार उशीर झाला," केरबा म्हणाला आणि कामाला बसला.

तात्पर्य: न दिसणारं काम कच्चं ठेवून जो पक्कं म्हणून सांगतो, त्याच्या खोट्याची किंमत त्याच्यावर डोळे झाकून विश्वास टाकणाऱ्याला मोजावी लागते.