उंबऱ्यावर बसलेली तिमव्वा

नेमकं किती साली, ते मला विचारू नका. फार वर्षांपूर्वी, एवढं धरून चला. आमच्या पांगारखिंडीत तेव्हा पिठाची गिरणी नव्हती, दवाखाना नव्हता, सडक नव्हती. शहाणी माणसं मात्र आजच्यासारखीच होती, घरटी दोन-दोन.

त्या काळी गावात केरबा नावाचा एक माणूस होता, आणि त्याची बायको गजरा. त्यांना साळू नावाची मुलगी. दीड वर्षाची, नुकती भिंत धरून चालायला लागलेली. तर या साळूचं पोट बिघडलं. आता लेकरांचं पोट बिघडतंच, त्यात नवल ते काय? दोन दिवसांत थांबेल म्हणून गजरा गप्प राहिली. पण हे दुखणं काही जाईना. सकाळी पोरगी हसायची, भाकरीचा तुकडा मागायची. गजरा म्हणायची, सुटले बाई एकदाची! आणि दुपार कलली की पुन्हा हगवण सुरू. दात येत असतील म्हणावं, तर हिरड्या कोऱ्या. उष्णता म्हणावं, तर हातपाय गार. दृष्ट म्हणावं, तर मीठ-मोहऱ्या इतक्या ओवाळून झाल्या की घरात सगळ्यांना ठसका लागला. पंधरा दिवस हेच. पोरगी बरी होतेय की हातातून जातेय, तेच गजराला समजेना. तिचा आधीचा मुलगा याच दुखण्यानं गेला होता, म्हणून ती फार भ्यायली होती.

आणि त्यात आमच्या गावची रीत. आजारी लेकराच्या घरी रिकाम्या हातानं जायचं नाही, काहीतरी औषध न्यायचं. आणि ज्याच्या घरी आणलं त्यानं ते परत पाठवायचं नाही. औषध परत गेलं की लेकराचं आयुष्य परत गेलं, असं म्हणतात. म्हणजे म्हणायचे तेव्हा. मग काय, सगळा गाव लोटला. कुणी जायफळ आणलं, कुणी मुरुडशेंग. कुणी डाळिंबाची साल, कुणी आंब्याची कोय उगाळून. एक जण म्हणाला, पोट बांधलं पाहिजे. दुसरा म्हणाला, छे छे, पोट साफ केलं पाहिजे, आणि एरंडेलाची वाटी पुढं केली. गजरानं कुणालाच नाही म्हटलं नाही. जो येईल त्याच्यासमोर लेकराला एक-एक चाटण. एरंडेल म्हणायचं चल, जायफळ म्हणायचं थांब, आणि लेकरू मधल्यामध्ये!

या सगळ्यांच्या वर होती बनाआत्या. केरबाची चुलत आत्या, गावात तिचा शब्द म्हणजे दगडावरची रेघ. ती म्हणाली, "अंगावरचं पाजणं बंद कर आणि पाणी तर थेंबभर देऊ नको. आत जाईलच नाही तर बाहेर पडेल कुठून?" ऐकायला बरोबर वाटतं की नाही? गजरालाही वाटलं. तिनं अंगावरचं दूध तोडलं, पाणी बंद केलं.

अशात एके दिवशी सकाळी गल्लीतून हाक आली, "टाकीऽ लावायची का, टाकीऽऽ!"

आता तुम्हा पोरांना टाकी म्हटलं की पाण्याची आठवते. ती नव्हे. दळून दळून जात्याचा दगड गुळगुळीत होतो, मग पीठ पडत नाही, नुसती भरड पडते. तेव्हा छिन्नीनं दगडाला बारीक बारीक टाचे मारून तो पुन्हा खरखरीत करायचा. त्याला म्हणतात टाकी लावणं. वडार समाजाच्या बाया हे काम करत गावोगाव फिरायच्या. त्यातलीच ही एक, तिमव्वा. कुणी म्हणतं ती म्हातारी होती, कुणी म्हणतं चांगली धडधाकट होती. माझी चुलती सांगायची, तिला एक डोळा नव्हता. माझा चुलता म्हणायचा, दोन्ही होते, एक ती मिटून ठेवायची, दगडाची कपची जाऊ नये म्हणून. खरं काय, देव जाणे.

गजरानं तिला बोलावलं. जात्याची वरची तळी काढून दिली आणि साळूला खाली ठेवलं. साळू रांगत रांगत रांजणापाशी गेली. चालायची ताकद राहिली नव्हती तिच्यात. आणि रांजणाच्या ओल्या पोटाला जीभ लावून ते चाटायला लागली.

तिमव्वानं छिन्नी खाली ठेवली. "बाई, तिला तहान लागलीय."

"पाणी द्यायचं नाही म्हणालीय आत्या. आत घालू तेवढं बाहेर पडतं."

"असेल बाई," तिमव्वा म्हणाली. "मला काय कळतंय? पण जातंय तेवढं परत नको का घालायला?"

 गजरा एकदम तिचा पदर धरून म्हणाली, "मावशी, तूच सांग आता मी काय करू? अख्खा गाव सांगून गेला, मी सगळं केलं. माझं डोकं फिरायची वेळ आलीय."

"मी काय सांगू? मी दगडाला टाकी लावणारी बाई. मला नाही यातलं काही कळत."

पंधरा दिवसांत पहिल्यांदा कुणीतरी म्हणालं होतं, मला कळत नाही. ते ऐकून गजरा जी रडायला लागली ती थांबेचना. मग डोळे पुसून म्हणाली, "मलाही नाही कळत. मग तू जाऊ नकोस. बस माझ्याजवळ."

बसायचं कुठं? तो काळ वाईट होता पोरांनो. वडारणीला घरात घेतलं तर भावकी बोलणार. आणि बाहेर अंगणात बसवली तर तिचा हात लेकरापर्यंत पोचणार नाही. तिमव्वानं इकडं बघितलं, तिकडं बघितलं आणि सरळ उंबऱ्यावरच बसली. जात्याची तळी पायांत घेतली. गजरानं तांदळाच्या कण्यांची पातळ पेज केली, चिमूटभर मीठ टाकलं. साळूला दोन्ही मांड्यांत धरून ती आतल्या बाजूला बसली. तिमव्वानं कनवटीच्या भुईमुगाच्या शेंगेचं एक टरफल घेतलं, अर्धं, होडीसारखं. त्यात पेज घेऊन पोरीच्या ओठाला लावली. मग दगडावर टाचे मारले. टक, टक, टक. एक ओळ झाली की एक टरफल.

"एवढंच?" गजरा म्हणाली.

"टाकी लावलेल्या जात्यात पहिल्यांदा चिमूटच घालतात. मूठभर घातलं की जातं अडतं. एवढंच ठाऊक आहे मला. लेकराला लागू पडतं का नाही, कुणास ठाऊक."

तेवढ्यात बनाआत्या आली, कुड्याच्या सालीचा काढा घेऊन. दारात बघते तर वडारीण उंबऱ्यावर! आत्या कडाडली, "ऊठ गं! उंबऱ्यावर बसतात का कधी?"

"उठले तर घोट चुकेल हिचा."

आता आली का पंचाईत? बसलेल्या माणसाला ओलांडून जायचं नसतं. ज्याला ओलांडलं त्याची वाढ खुंटते, असं म्हणतात. आत्या कितीही रागावली असली तरी ओलांडण्याचं पाप करणार नव्हती. आणि काढा परत नेला तर रीत मोडते. आत्या दारात उभी, हातात वाटी.

तिमव्वा म्हणाली, "आणा इकडं. उंबऱ्याला पोचलं म्हणजे घरात पोचलं." आणि वाटी घेऊन सगळा काढा स्वतःच पिऊन टाकला! कुड्याची साल किती कडू असते, कधी चाटून बघा. हूं की चूं केलं नाही तिनं.

झालं! ही बातमी गावभर. मग जो तो औषध घेऊन आला, निम्मे लेकरासाठी आणि निम्मे गंमत बघायला. तिमव्वानं सगळी औषधं खाल्ली. बेलाचा गर खाल्ला, कोय खाल्ली, ओवा खाल्ला, एरंडेल पिलं, अंगारासुद्धा जिभेवर घेतला. पोरीच्या वाट्याला फक्त पेज आणि पुन्हा सुरू केलेलं आईचं दूध. असे सात दिवस ती उंबऱ्यावरून उठली नाही, असं म्हणतात. आता तुम्ही विचाराल, मग ती परसाकडं कधी गेली? काय हसताय? मी लहान असताना मीही विचारलं होतं आणि पाठीत धपाटा खाल्ला होता. सांगतो, थांबा.

तिसऱ्या दिवशी मात्र सगळं उलटं झालं. साळूनं पेज ओकून टाकली. एकदा नाही, चारदा. डोळे खोल गेले, रडली तर डोळ्यांत पाणी येईना. केरबा शेतातून आला तो कोयता घेऊनच. "ही बाई माझ्या पोरीला मारणार! ऊठ इथून!"

तिमव्वा उठली नाही.  ती म्हणाली, "दादा, मलापण भीती वाटतेय. चुकतंय का बरोबर आहे, मला समजत नाही. पण आता थांबले तर काय होईल, ते आपल्या दोघांना समजतंय."

केरबानं कोयता टाकला आणि तिथंच अंगणात मटकन बसला. रडला म्हणतात. तिमव्वानं थोडं थांबून टरफल आणखी अर्धं मोडलं. आता एका ओळीला तेवढंच, दोन थेंब. टक, टक, टक. दोन थेंब. गावात दुसरा आवाज नव्हता. त्या प्रत्येक टाच्याबरोबर पोरीच्या अंगात एक-एक थेंब रक्त परत येत होतं, असं म्हणतात. पण तिथं बसलेल्या तिघांना तसलं काही दिसत नव्हतं. त्यांना दिसत होती नुसती मलूल पोर. बरंय का वाईट, काही उमजत नव्हतं.

चौथ्या दिवशी सकाळी गजरा एकदम ओरडली.  केरबा धावला, शेजारपाजार धावला, बनाआत्या लुगडं सावरत धावली. सगळे दारात येतात तर गजरा आपली ओली मांडी दाखवतेय आणि हसतेय. "मुतली! अगं माझी बाय मुतली!" दीड दिवस कोरड्या राहिलेल्या पोरीनं आईला भिजवलं होतं. एका लेकराच्या मुतण्यानं एवढा आनंद आमच्या गावात पुन्हा झाला नाही.

तरी लगेच बरी झाली असं नव्हे. पाचवा दिवस चांगला, सहावा पुन्हा वाईट. सातव्या दिवशी साळू आईच्या मांडीवरून उतरली. भिंत धरून उभी राहिली, दाराशी आली. तिला बाहेर जायचं होतं, कोंबडी बघायला. दारात तर तिमव्वा. साळूनं तिच्या गुडघ्यावर हात ठेवला, एक पाय उचलला.

"अगं ओलांडू नको तिला!" गजरा धावली.

तिमव्वानं हात आडवा करून गजरालाच थांबवलं. "ओलांडू दे. माझं आता काय वाढायचं राहिलंय?"

आणि साळू तिला ओलांडून अंगणात गेली.

लोकांनी विचारलं, "कशानं बरी झाली गं?" तिमव्वा म्हणाली, "मला काय कळतंय?" छिन्नी उचलली आणि निघून गेली. मागं भांडणं लागली. पेजेनं झाली, आईच्या दुधानं झाली, का आधीच्या औषधांनी उशिरा गुण आला? बनाआत्या मरेपर्यंत म्हणत होती, माझ्या काढ्यानं झाली, वास तर गेला असेल पोरीला! त्या जात्याचं मात्र नवल झालं. ते एका बोटानं फिरायचं आणि पीठ इतकं बारीक पडायचं की वारा आला की उडून जायचं, असं म्हणतात.

आणि तुमचा तो परसाकडचा प्रश्न. खिंड ओलांडल्यावर, टेकाडामागं, तिमव्वा एकदाची बसली. पुढच्या पावसाळ्यात तिथं बेल उगवला, आंबा उगवला, डाळिंब, कुडा, एरंड, सगळं एका जागी. सालीतून झाड कसं उगवलं, ते मला विचारू नका. राई आहे तिथं. जाऊन बघा.

आता गावात सडक झाली. लेकराचं पोट बिघडलं की आम्ही डॉक्टरीणबाईंकडं नेतो, त्या मीठ-साखरेची पुडी देतात, घोट घोट पाजा म्हणतात. पण पुडी घेऊन घरी आलं की पांगारखिंडीत पहिलं काम असतं उंबऱ्यावर माणूस बसवायचं. घरातलं म्हातारं माणूस लागतं, ज्यानं आधी सगळ्यांसमोर म्हणायचं, मला यातलं काही कळत नाही. ते म्हणताना भल्याभल्यांची जीभ अडते. मग येईल ते औषध त्यानं खायचं, आणि लेकरू बरं होऊन स्वतःच्या पायांनी बाहेर पडेपर्यंत उठायचं नाही.

मी आजवर पाच वेळा बसलोय. तीन नातवंडांसाठी, दोनदा शेजाऱ्यांच्या पोरांसाठी. पाचही वेळा भ्यायलो होतो, आणि पाचही जणांनी मला ओलांडलं. आजूबाजूच्या गावचे लोक आम्हाला हसतात, पांगारखिंडीची म्हातारी माणसं सगळी बुटकी म्हणून.

हसू देत.