तीन देशांचा भाव

एका गावात एक भोळा केरबा राहायचा. सांगितलेलं न ऐकणारी माणसं गावात पुष्कळ होती. केरबा मात्र सांगितलेलं सगळं ऐकायचा. तेवढीच त्याच्यात खोट होती.

त्याच्या दावणीला चंपी नावाची म्हैस होती आणि सगळं घर चंपीच्या दुधावर चालायचं. त्या वर्षी दूध संघाच्या स्पर्धेत चंपीनं पहिला नंबर काढला. बक्षीस काय, तर दुबई, रोम आणि पॅरिसची सहल. चंपीला विमानात घेत नाहीत, म्हणून केरबा निघाला.

बायको सुंदरानं साठवलेली सगळी भिशी त्याच्या खात्यात भरली.

"मला एक परदेशी पर्स आणा," ती म्हणाली. "थोरल्या जाऊबाईंची मुंबईची हाय. दर लग्नात म्हणत्यात, सुंदरा, जरा धर गं. आन मी वरात संपेस्तोवर ती धरून हुबी. आता माझ्या धाकट्या बहिणीच्या लग्नात मला माझी धरायची हाय."

केरबाला गलबलून आलं. सुंदरासाठी तो काय वाट्टेल ते करायला तयार होता. घरच्यांना भीती होती ती ह्याचीच.

सहलीला गावातलेच पेन्शनीत निघालेले मास्तर सोबत होते. त्यांनी पूर्वी परदेश पाहिला होता. दुबईत उतरल्यावर केरबा समोर दिसेल त्या दुकानात शिरला, हाताला लागेल ती पर्स उचलली आणि कार्ड काढलं. मास्तरांनी त्याला दंडाला धरून बाहेर ओढलं.

"अरे, पहिल्याच ठिकाणी घ्यायचं नसतं! तीन ठिकाणी भाव विचारायचा. जिथं सगळ्यात कमी, तिथं घ्यायचं."

"असं व्हय," केरबा म्हणाला. मनात पक्कं बसवलं.

रोमच्या विमानात हवाई सुंदरीनं समोर जेवणाचं ताट धरलं. वास असा सुटला होता की केरबाच्या पोटात कावळे ओरडायला लागले.

"केवढ्याला?" त्यानं विचारलं.

"फुकट आहे, काका."

"ऱ्हाऊ द्या. अजून दोन विमानांत इचारतो, मग सांगतो."

मास्तर शेजारी घोरत होते, त्यामुळं समजावणारं कुणी नव्हतं. केरबा रोमपर्यंत उपाशी गेला. पण भाव बघूनच घ्यायचं, हे समाधान होतं.

रोममध्ये तीच पर्स काचेमागे दिसली. केरबानं चिठ्ठीवरचा आकडा वाचला आणि टुणकन उडी मारली.

"मास्तर! दुबईतला आपल्याकडचा दुकानदार लाखाच्या वर सांगत होता. हितं बाराशे! धा घेऊ का?"

मास्तरांनी कपाळाला हात लावला. "येड्या, हे बाराशे इथल्या पैशात. परदेशात आकडा दिसला की शंभरानं गुणायचं, मग आपल्यात काय ते कळतं."

"असं व्हय."

दुसऱ्या दिवशी पॅरिसचं विमान होतं. सगळी मंडळी विमानात बसली, पट्टे आवळले, केरबाचा पत्ता नाही. माणसं हुडकायला धावली. तेव्हा केरबा विमानतळाच्या पार दुसऱ्या टोकाला भिंतीशी उभा होता आणि झाडूवाल्याला हातवारे करून काहीतरी विचारत होता. त्याला ओढत आणून विमानात कोंबलं.

"कुठं तडफडला होतास?" मास्तर ओरडले.

"तिकिटावर गेट चार होतं. शंभरानं गुणलं. चारशेवं गेट कुठं दिसंना हो."

मास्तर दात आवळून म्हणाले, "गुणायचे ते पैसे! दुसरं काही गुणायचं नाही. फक्त पैसे!"

"असं व्हय," केरबा म्हणाला. त्याला वाईट वाटलं. इतकी साधी गोष्ट आपल्याला आधी कशी कळली नाही!

पॅरिसात भाव सगळ्यात कमी निघाला. मास्तरांनी स्वतः हिशेब केला आणि मान डोलावली. "घे इथंच. मुंबईपेक्षा एका पर्समागं पन्नास हजार वाचले बघ."

केरबानं पर्स घेतली. रात्रभर उशाशी ठेवली. जाऊबाई बघतायत आणि सुंदरा लग्नात मिरवतेय, असं त्याला सारखं दिसत होतं. मग त्याला मास्तरांचं बोलणं आठवलं. एका पर्समागं पन्नास हजार. गुणायचे ते पैसे. दोन घेतल्या तर लाख वाचणार!

सकाळी त्यानं गावातल्या म्हशींच्या दलालाला फोन लावला आणि चंपी विकून टाकली. दलालानं पैसे खात्यात टाकले. केरबानं दुसरी पर्स घेतली.

घरी सुंदरानं पहिली पर्स काखेत अडकवून आरशात बघितलं आणि तिचे डोळे भरून आले. केरबानं दुसरी पुढं केली.

"दोन? आवं, पैसं कुठनं आणलं?"

"चंपी विकली. पण लाख वाचलं!"

सुंदरा गोठ्यात धावली. दावण मोकळी. ती केरबाला आणायला फाट्यावर गेली होती, तेवढ्यात दलाल चंपीला सोडून घेऊन गेला होता. घरात रोजची दुधाची चरवी रिकामी, आणि काखेत लाखाची पर्स. असा राग तिला लग्नानंतर पहिल्यांदा आला.

पण सुंदरा डोक्यानं शाबूत होती. डोळे पुसून, दुसरी पर्स घेऊन ती जाऊबाईंकडं गेली. जाऊबाईंचे मालक ठेकेदार, पैशाला तोटा नव्हता. मुंबईपेक्षा स्वस्त पॅरिसची पर्स म्हटल्यावर त्यांनी जागच्या जागी नोटा मोजल्या. सुंदरानं त्या नोटा केरबाच्या हातात ठेवल्या.

"दलालाकडं जावा. चंपी अजून त्याच्याच दारात हाय. एवढ्यात भागतंय बघा. आन दावणीला जनावर बांधल्याबिगर घरात पाय ठेवू नका!"

केरबा निघाला. सुंदरानं गोठा झाडला, चंपीसाठी आंबोण भिजवलं, आणि उंबऱ्यात वाट बघत बसली. दुपार झाली. संध्याकाळ झाली. कासराभर दिवस उरला तेव्हा लांबून घुंगरं वाजली. सुंदराच्या जिवात जीव आला.

केरबा आला. घामानं भिजलेला, पण चेहरा उजळलेला. त्याच्या एका हातात एक दोरी होती आणि दुसऱ्या हातात दुसरी. दोन्ही दोऱ्यांच्या टोकांना दोन तगडे रेडे होते.

"दलालाकडं गेलो," केरबा सांगायला लागला. "त्यानं चंपीचा भाव सांगितला. म्हटलं, पहिल्या ठिकाणी घ्यायचं नसतं. आणखी दोन बाजार फिरलो. सगळ्यात कमी भाव ह्यांचा. चंपीच्या निम्मा! एकामागं एवढं वाचलं, म्हणून दोन घेतलं."

सुंदरा बराच वेळ रेड्यांकडं बघत राहिली. रेडे तिच्याकडं बघत राहिले. मग तिनं आत जाऊन रिकामी चरवी आणली आणि नवऱ्याच्या हातात दिली.

"काढा आता दूध."

केरबानं दोन्ही रेडे दावणीला नीट बांधले, बाह्या सरसावल्या, चरवी मांडीत धरून उकिडवा बसला आणि मान वळवून विचारलं,

"अगं, आधी कुणाचं काढू?"