बाळक्काच्या मापाचं दार

माणदेशातले डोंगर अजून ओले होते, त्या काळची ही गोष्ट. पांढरवळण गावात येसबा गवंडी होऊन गेला. त्याने हाक मारली, की दगड आपल्या पायांनी चालत येऊन भिंतीत बसायचा, असं म्हणतात. खोटं वाटतं? मग तेव्हाचा एखादा दगड गाठा आणि विचारा!

लग्नाला महिना झाला नाही, तोच येसबाला परमुलखातून बोलावणं आलं. निघताना त्याने बायकोला, बाळक्काला, भिंतीशी उभं केलं आणि टाचेपासून डोक्यापर्यंत सुतळी धरून गाठ मारली.

"हे आणि कशाला?"

"परत आलो की तुझं घर बांधतो. दार तुझ्या मापाचं."

"लवकर या. न्हाईतर घराआधी माझी समाधी बांधाल."

मग येसबाने काय बांधलं नाही! विहिरी, घाट, पूल, देवळं, दर्गा, एका सरदाराचा हत्तीखाना. पण चौकट बसवायची वेळ आली, की हात आपोआप सुतळीकडे जायचा. बाळक्का इथून न वाकता आत येईल ना, एवढंच तो बघायचा.

सरदार भडकला. "येसबा, हे दार हत्तीचं का उंदराचं?"

"आमच्या मंडळींचं," येसबा म्हणाला.

हत्ती बिचारा रांगत आत गेला, असं म्हणतात.

दरसाल गावाकडे निरोप जाई, "एवढा कळस चढला की निघालोच." कळसामागून कळस चढत गेले. डोक्याचा कापूस झाला. एका संध्याकाळी नव्या देवळाच्या रिकाम्या दाराकडे बघता बघता त्याला रडू फुटलं. हत्यारं तिथेच टाकून तो निघाला. वाट लवकर सरावी म्हणून त्याचेच पूल अंग चोरून आखूड झाले, असं म्हणतात.

घरी येताच त्याने जुन्या गाठीच्या मापाने नव्या घराचं दार उभं केलं. बाळक्का काठी टेकत आली. कंबरेत पार वाकलेली. दार वरून निम्मं रिकामंच राहिलं. येसबा त्या रिकाम्या जागेकडे बघत राहिला.

"तिथं कुणाला शोधताय?" बाळक्का म्हणाली. "ती पोर गेली वाट बघून. आता मला मोजा."

त्याने सुतळी तिच्या टाचेशी धरली आणि नवी गाठ मारली.

पांढरवळणात आजही चौकट बसवण्याआधी घरच्या बाईला भिंतीशी उभं करतात. सुतळी मात्र नवऱ्यानेच धरायची, गवंड्याने नाही. याला 'येसबाचं माप' म्हणतात. गावात फिरलात तर दिसेल, भिंती उभ्या, छप्पर चढलेलं, आणि चौकटीची जागा मोकळी. त्या घरातला माणूस कामाला परगावी गेलेला असतो.