नोव्हेंबरातली बदली

सुभेदार भोईटे यांची ऐन नोव्हेंबरात सीमेवर बदली झाली आणि त्यांची बायको हेमलता लेकीला घेऊन सासरच्या गावी आली. लेकीच्या प्रवेशासाठी शाळेत गेली, तर मुख्याध्यापक राजोपाध्ये यांनी कागदांकडे पाहिलंही नाही.

"वर्षाच्या मध्येच कशा आलात? तुम्हा फौजी लोकांना काही शिस्तच नाही. जूनमध्ये या."

लेकीची मान खाली गेली. हेमलताच्या अंगाचा तिळपापड झाला, पण तिने आवाज चढवला नाही.

"बरं सर. यांना आजच फोन करते. सीमेवर कुणी अवेळी घुसलं, तर त्यालाही सांगा म्हणते, जूनमध्ये ये."

राजोपाध्यांचा चेहरा पडला. त्यांनी शिपायाला हाक मारली, "हिला सातवीच्या वर्गात नेऊन बसव."

हेमलताचा राग मात्र घरी पोहोचेपर्यंत उतरला नव्हता.