शेजारचा खण

जंगलात कॉम्प्युटर नुकताच आला होता, तेव्हाची ही गोष्ट. भिंगरी खार पायथन या कॉम्प्युटरच्या भाषेत तरबेज होती. तिथे यादीत कितीही नावं घाला, यादी आपोआप वाढायची. चुकीच्या जागी हात घातला, तर पायथन लगेच अडवायचा. त्या टोकण्याला वैतागून ती साळिंदरकाकांकडे सी ही दुसरी भाषा शिकायला गेली.

“इथे कॉम्प्युटरच्या स्मृतीतले लागतील तेवढे खण आधीच मागून घ्यायचे,” काका म्हणाले. “त्यापलीकडे लिहिलंस, तर सी तुला अडवणार नाही. शेजारी कुणाचं काय आहे, ते तुझं तुलाच बघावं लागेल.”

“अडवत नाही ना? मग झालं तर,” भिंगरी म्हणाली.

तिला पाच पिल्लं झाली. तिने पाच खण मागून त्यांची नावं लिहिली. थोड्या वेळाने सहावं जन्मलं. जुन्या सवयीने तिने त्याचंही नाव पुढे लिहून टाकलं. सी गप्पच राहिला.

शेजारच्या खणात कासवआजीने आपल्या वारलेल्या बहिणीचं गाणं जपून ठेवलं होतं. सकाळी आजीने ते उघडलं, तर आत फक्त ‘झुबकू’ लिहिलेलं.

भिंगरी मान खाली घालून उभी राहिली. आजीने ती अक्षरं पुन्हा एकदा वाचली.

“नाव छान ठेवलंस गं,” ती म्हणाली.

आता भिंगरी खण मोजूनच मागते. पण झुबकूला हाक मारताना तिचा आवाज अजूनही खाली येतो.